चार पानी तुर्क

एका तुर्की बाईला ‘तुर्क’ शब्दाचा अर्थ समजावून सांगायला मी चार पानी टिपण घेऊन गेले होते, हे आज कबूल करून टाकते. तेही तिच्याकडे नोकरी मागायला.

तेव्हा मी नुकती ऑकलंडला लेकीकडे राहायला आले होते. पन्नाशीची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. लेक-जावई ऑफिसला गेले की दिवसभर मी डिशवॉशरशी बोलायची, आणि हल्ली तो उत्तरं देतोय असं वाटायला लागलं होतं. म्हणून जवळच्या पेनरोज भागातल्या एका तुर्की केबाबच्या दुकानात मदतनीस हवी आहे असं कळल्यावर ही नोकरी मिळवायचीच, असं मी ठरवलं. आता पुण्यात वाढलेल्या बाईची तयारी म्हणजे काय, तर विषयाचा अभ्यास. काम काय असतं हे विचारायचं मला सुचलंच नाही.

मालकीण माझ्याच वयाची, हात कोपरापर्यंत पिठात. मी उभ्यानेच, मोडक्या इंग्रजीत वाचायला सुरुवात केली. संस्कृतात तुरुष्क. आमच्याकडे धडाडीच्या पोरांना तरुण तुर्क म्हणतात. शिरस्त्राणासारख्या डोंगरावरून हे नाव पडलं असं जुने चिनी सांगत, पण ते काही मला पटत नाही. माझ्या मते मूळ शब्द तुरग, म्हणजे घोडा. तुम्ही मुळात घोडेवाले.

ती म्हणाली, आमच्यात कोणी ‘बळ’ असा अर्थ सांगतात, कोणी ‘भरात आलेलं फळ’. नक्की कुणालाच ठाऊक नाही. यावर मी तिला, खुद्द तिला, सांगितलं की तुमचा थोडा गैरसमज झालाय.

तोवर जेवणाची सुट्टी झाली. शेजारच्या डेपोतली माणसं पिवळी जाकिटं घालून आत आली आणि रांगेत उभी राहिली. मला वाटलं, श्रोते. मी पुन्हा पहिल्या पानापासून घेतलं, जरा मोठ्याने. एकाने घाबरत विचारलं, केबाबमध्ये घोडा असतो का? शंका शेवटी घ्यायच्या असतात, असं मी त्याला बजावलं.

चौथं पान संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालकिणीने पिठाचे हात पुसले, आणि मला घरचा डिशवॉशर दिसायला लागला. मग तिने खुंटीवरचा ॲप्रन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

“तुर्क कोण ते आमचं आम्ही बघून घेऊ. ही माणसं भुकेली आहेत. हात धू आणि आत ये.”