लढाईमागच्या बायका

एसटीत शेजारी कोणीही बाई बसली, की आमच्या बाई तिला विचारायच्या, "लढाई आली अन् गाव सोडून पळा लागलं, तं तू काय उचलशील वं?" साखरखेर्ड्याच्या गाडीत एक म्हातारी म्हणाली, "पीठ. सोनं का खाता येते माय?" बाईंनी ते वाक्य आपल्या कादंबरीत जसंच्या तसं घातलं.

जळगाव जामोदच्या शाळेत त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या. जुन्या काळी साखरखेर्ड्याला मोठी लढाई झाली होती. तो भाग आला की त्या पुस्तक मिटत. "सरदारांची नावं हायत. विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांचं काय झालं?" निवृत्तीनंतर त्यांनी कादंबरीत तेच लिहिलं. छावणीत भाकरी थापणाऱ्या, जखमींना पाणी पाजणाऱ्या, नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या बायका. नजर अधू झाल्यावर त्या सांगत आणि मी टाइप करी.

पुण्याच्या एका प्रकाशकाने कळवलं, कादंबरी छापतो, पण वऱ्हाडी बोलीतले संवाद शुद्ध करून द्या. मला वाटलं, करावेत. मोठं नाव होईल. बाई शांतपणे म्हणाल्या, "घर जळून राह्यलं असताना ते बाई व्याकरण पाहीन काय?" पुस्तक शेवटी खामगावात छापलं. फारसं खपलं नाही, पण गावातल्या बायका ते एकमेकींना वाचून दाखवायच्या.

पुढे एकटं राहणं जमेना, तेव्हा लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. नवी कादंबरी अर्ध्यावर होती. काही महिन्यांनी फोन आला. "इथं सगळं हाय पोरी. पण माह्या बाया बोलतच नाहीत. कानावर आपली बोली पडत नाही, तं त्या तरी काय बोलतीन? मले बाजारात ने."

तेव्हापासून आठवडी बाजाराच्या दिवशी मी त्यांना फोन लावून तो चालूच पिशवीत वर ठेवायची आणि ओळीओळीने फिरायची. संध्याकाळी त्या फोनवर नवी पानं सांगायच्या.

शेवटच्या खेपेला त्यांचा आवाज खोल गेला होता. मेथीवाली सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती. मी पुढे निघाले, तशा बाई म्हणाल्या, "थांब जराशी. तिचं पुरं होऊ दे."

त्या आठवड्यात बाई गेल्या. कादंबरी अर्धीच राहिली. बाजारात मी अजून जाते. काही घ्यायचं नसलं तरी मेथीवालीपाशी थांबते, आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत माझा पाय निघत नाही.