लहान आतड्याचा दोष

मुळगावहून निघाले त्या दिवशी आई मला मोपाच्या विमानतळापर्यंत सोडायला आली. तिचं माहेर इब्रामपूर तिथून जवळच, त्यामुळे वाटेतली झाडंसुद्धा तिच्या ओळखीची. तरी त्या दिवशी एकाही झाडाचं नाव घेतलं नाही बाईने. विमानतळाच्या दारात उभी राहून म्हणाली, "माजां आतडां तुटता गो." मी रडणार, तेवढ्यात लगेच, "पासपोर्ट घेतलंस मा?" झालं! आमच्याकडची माया अशीच असते, डोळे पुसायलासुद्धा उसंत देत नाही.

तुम्ही जे माझ्यासारखे उठून परदेशी आलात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे मागे राहिलात त्यांना मात्र सांगते, इथे सिंगापूरला सगळं चांगलं आहे. शिपिंग कंपनीत नोकरी आहे, लिफ्टने वर जायचं घर आहे, नळाला चोवीस तास पाणी आहे. फक्त मला एका जागी बसवत नाही. पंखा बंद कर, चालू कर, फोन उचल, ठेव. मुळगावला आई एकटी. बाबा गेल्यापासून मी तिला सांगत आले, इथे ये. ती म्हणे, "मी थंय येवन काय करू? हंयची बांय कोणाक सांभाळूक दिवं?" बांय म्हणजे आमची विहीर. हंय म्हणजे इथे, मुळगाव, आणि थंय म्हणजे तिथे, मी. या दोन शब्दांच्या मध्ये आमचं रोजचं भांडण. नोकरी सोडून मी परत जाऊ, की ती येईल, याचा निकाल काही लागेना.

शेवटी तोंडभर फोड आले. लघवीला जळजळ, झोप नाही. गोळ्या झाल्या, विटामिन झाली. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, आमच्या चिनी वैद्याकडे चल. जुनं दुकान, भिंतभर लाकडी खण, आणि पांढऱ्या भुवयांचा शांत माणूस. त्याने माझ्या डाव्या मनगटावर तीन बोटं ठेवली, जीभ बाहेर काढायला लावली. जिभेचं टोक लाल आहे म्हणाला. मग विचारलं, हे कधीपासून?

मी बोलून गेले, "आई फोनवर पुन्हा म्हणाली, तिचं आतडं तुटतंय, तेव्हापासून." आपलं मराठी सरळ इंग्रजीत ओतलं, दुसरं काय!

वैद्याने पेन खाली ठेवलं. "रक्त पडतं का? हॉस्पिटलात नेलं का तिला?"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडूच आलं. कसंबसं समजावलं, की आमच्या भाषेत माया आतड्यात राहते, माणूस लांब गेला की ते तुटतं. मला वाटलं, म्हातारा हसेल. तो हसला नाही. म्हणाला, आमच्याकडेही लहान आतडं काळजाच्या जोडीचं. काळजात आग लागली की झळ तिथे उतरते आणि मग तोंडात फोड, खाली जळजळ. त्याचं काम निवड करण्याचं. आलेलं घ्यायचं, निवळ वेगळं काढायचं, गाळ खाली सोडायचा. ते थकलं की माणसाला काय ठेवावं आणि काय टाकावं कळत नाही. तुझं लहान आतडं थकलं आहे.

मी गार पडले. गावाकडे लोखंडाच्या खाणी जोरात होत्या तेव्हा आमच्या विहिरीचं पाणी लाल यायचं. आई कळशी भरून कोपऱ्यात ठेवायची आणि मी घाईने हात घातला की ओरडायची, "ढवळू नको गो! वयलां निवळ घी, गाळ थंयच रवांदे." हा मनुष्य आईचंच बोलत होता.

त्याने बांबूच्या पानांचा काढा दिला आणि दुपारी जेवणानंतर शांत बसायला सांगितलं, कारण ती वेळ लहान आतड्याची. आता बघा गंमत. मुळगावला आईची पेज होते, तेव्हा इथे नेमकी तीच वेळ असते आणि तेव्हाच तिचा फोन येतो! आला. मी उत्साहाने सांगितलं, "आई, वैद्य म्हणाला, माझ्या लहान आतड्यात दोष आहे."

पलीकडे पेजेचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "मी येतंय."

मी किती समजावलं, पण आई एकदा उठली की उठली. विहीर शेजारच्या मावशीच्या गळ्यात मारून, जन्मात विमानात न बसलेली बाई उकडे तांदूळ आणि सोलं घेऊन हजर. विमानतळावरच माझ्या पोटाला हात लावून म्हणते, "टाके खंय आसत?" ऑपरेशन नाही, काही नाही हे कळल्यावर मात्र भडकली. "मगे मी इलंय कित्याक?" दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी पेज केली. फोड हळूहळू बसले. काढ्याने की पेजेने, वैद्याला विचारायचं धाडस मी केलं नाही. परतीचं तिकीट तिने पर्समध्ये नीट ठेवलं होतं. मी रोज त्या पर्सकडे बघायची आणि विषय काढायची नाही. ढवळू नको, ढवळू नको, असं स्वतःलाच बजावायची.

परवा सकाळी ती जनेलापाशी, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, उभी होती. नळाचं पाणी पातेल्यात भरून निवळायला ठेवलेलं. मी म्हटलं, "आई, इथलं पाणी स्वच्छ असतं गं." ती म्हणाली, "आसांदी, हंय ऱ्हवाचां तर माज्या पद्धतीन ऱ्हवतलंय." मग बाहेर बघत, सहज, "थंय आता पोदेर पाव घेवन इलो आसतलो."

थंय.

किती वर्षं मी या शब्दाची वाट बघितली होती! तिने एकदा तरी माझ्या घराला हंय म्हणावं म्हणून किती भांडले होते. मी आनंदाने तिला मिठी मारायला हवी होती. पण ओट्याला धरून नुसती उभी राहिले. पहिल्यांदाच माझं आतडं तुटलं. मुळगावला हंय म्हणणारं आता कुणीच उरलं नव्हतं.