सासूबाईंच्या टाचेची एपिडर्मिस

“टाचेची एपिडर्मिस पूर्ण गेली आहे,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मला वाटलं, सासूबाईंचा पायच गेला.

मॅडम मुरबाडकडच्या, आमच्याच भागातल्या. माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं. एपिडर्मिस म्हणजे त्वचेचा सगळ्यात वरचा थर. तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा असतो तसा पातळ, पण जंतूंना बाहेर ठेवतो तोच. तो पुन्हा येतो. त्याखालची डर्मिस किती भाजली, ते काही दिवसांनी कळेल. शुगर आहे, जखम चिघळली तर पाय कापावा लागेल.

भाजलं होतं मीच. भाताच्या लावणीत टाचांना भेगा पडल्या की आमच्या शेणवे गावात बिब्बा तापवून त्याचं तेल भेगांत भरतात. सासूबाईंनी सांगितलं, मी भरलं. बिब्बा उतला, टाचभर फोड आले, तरी त्यांना पत्ता नाही. शुगरने पाय बधिर झालेत, हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?

शहापूरच्या दवाखान्यात रोज ड्रेसिंग व्हायचं. पट्टी सुटली की मी खिडकीबाहेर बघायची. सासूबाई मात्र शेजारच्या खाटेवरच्या बाईची विचारपूस करत बसलेल्या. मला एकदाच म्हणाल्या, “रडू नको गो. मीच बोलली ना, भर म्हणून?” त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी त्यांच्या जागी असते तर सुनेला घरभर ऐकवलं असतं.

नवव्या दिवशी मॅडमनी मला जबरदस्तीने जवळ बोलावलं. “ही गुलाबी कड दिसते? नवी एपिडर्मिस. कडेकडून आत सरकते आहे. पाय कापायचा नाही.” मी मॅडमसमोरच रडले. एवढासा थर, कुणी न सांगता आपलं काम करत होता.

तुमच्या घरी कुणाला शुगर असेल तर पायाला बिब्बा लावू नका, चटका देऊ नका. रोज तळवे बघा. दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

आता रोज संध्याकाळी मी सासूबाईंचे पाय धुऊन, पुसून, निरखून बघते. त्या अवघडतात.

“लोकं काय बोलतील गो? सुनेकडून पाय धुऊन घेते म्हातारी.”

“बोलू दे, आई. धुवायला पाय तर हाय.”