रस्त्यापलीकडून

शिराळ्याच्या स्टँडवर अण्णांनी माझ्या नव्या बॅगेवर पांढऱ्या ऑइलपेंटनं माझं नाव लिहिलं आणि सवयीप्रमाणे रस्ता ओलांडून ते पलीकडे गेले. मला लाज वाटत होती. बंगळुरूला निघालेला डिझायनर, आणि बॅगेवर बापानं रंगवलेलं हे! "आवं अण्णा, गाडी सुटती!" मी ओरडलो. त्यांनी तिथूनच मान हलवली. म्हणजे नाव वाचता येत होतं. निरोप तेवढाच. ओला रंग माझ्या पँटला लागला.

अण्णा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, शाळांच्या भिंती. तत्त्व वगैरे शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही. म्हणायचे, "नाव रस्त्यापलीकडनं वाचता आलं पायजे रं. न्हाईतर ते नाव न्हवं, नुसता रंग." फ्लेक्स आले, त्यांचं काम बसलं. बोलणं तेच राहिलं.

इथे बंगळुरूत मी ॲपच्या स्क्रीन करतो. बारीक, करडी अक्षरं. ऑफिसात त्याला 'क्लीन' म्हणतात. मुलाखतीत कुणी डिझाइनमागचा विचार विचारला की अण्णांचंच वाक्य इंग्रजीत ठोकून देतो. लोक खूश होतात. मी ते पाळत मात्र नाही.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. गावात माणूस गेलं की चौकात श्रद्धांजलीचा बोर्ड लागतोच, तुम्हाला काय सांगायचं. चुलतभावाचा फोन आला, "बोर्ड तूच कर गड्या. तू असताना दुसऱ्याकडनं कशाला?" गावी येणाऱ्या बसमध्येच लॅपटॉप उघडला. करडा रंग, बारीक पांढरी अक्षरं, भरपूर मोकळी जागा. वीस मिनिटांत फाइल पाठवली. रडू आलं नाही. समास तेवढे दोनदा तपासले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून येताना बोर्ड लागलेला दिसला. अण्णांच्या बंद दुकानावरच बांधला होता. मी समोर, स्टँडच्या बाजूला उभा होतो. शेजारी गाडीची वाट बघणारे एक म्हातारे म्हणाले, "कोण गेलं रं? फोटो वळकीचा वाटतुया, पर नाव काय दिसंना."

मला काहीच वाटलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. दुकान उघडलं, स्टूल घेतलं, डब्यात उरलेला काळा रंग ढवळला आणि माझ्या अक्षरांवरून त्यांचा रुंद ब्रश फिरवला. दहा वर्षांत ब्रश धरला नव्हता. शेवटची अक्षरं कलली.

परत रस्ता ओलांडला. म्हाताऱ्यांनी मान वर केली आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "दगडू पेंटर. आरं, आमच्या ट्रॉलीवर ह्यांनीच नाव घातलंतं की!"

घरी कधी येणार, असं तुम्ही गावाकडचे फोनवर विचारता. घर म्हणजे आता मला नाव वाचायला रस्त्यापलीकडे उभं राहायची ती वीतभर जागा वाटते. अण्णा तिथे उभे राहून मान हलवायचे. त्या दिवशी तिथे मी होतो. नाव वाचता येत होतं. मान तेवढी हलेना.