काळे, भालेराव आणि आयुक्तांची खुर्ची

स्काउट-गाइडचं काम म्हणजे हौसेचं काम. शाळा सांभाळून, घर सांभाळून उरलेल्या वेळात खाकी चढवायची. कुणी बळजबरी करत नाही. तरी आमच्या परभणी जिल्ह्याच्या मीटिंगला कधी कुणी गैरहजर राहत नाही. ताप असला तरी कान बांधून येतात. बाहेरच्यांना वाटतं, केवढी ही निष्ठा! निष्ठा कसली? जो येत नाही त्याच्याबद्दल बोललं जातं, हे प्रत्येकाला पक्कं माहीत आहे!

मी मानवतला मुलींच्या शाळेत शिकवते आणि तिथली गाइड कॅप्टन आहे. या मीटिंगांना बसून बसून माझ्याकडे इतके किस्से साठलेत की मैत्रिणी जमल्या की फर्माइश येते, "ए, स्काउटचं सांग ना!" मुलांना आम्ही पहिला नियम शिकवतो तो विश्वासाचा. मुलं घसा ताणून म्हणतात. आणि मुलं पांगली की आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे अशी बघतो, जणू समोरच्यानं गळ्यातल्या स्कार्फखाली काहीतरी दडवलंय.

*

आमचे जिल्हा सचिव भालेराव सर परभणीचे. माणूस लय कष्टाळू. कॅम्प असला की तंबूची खुंटी स्वतः ठोकतील, मुलांच्या आधी कधी जेवणार नाहीत. पण स्वभाव शकी. चहा आला तरी शेजारच्याला आधी पिऊ देतात!

सेलूचे तालुका प्रमुख काळे सर याच्या उलट. कायम हसतमुख. तेच भालेराव सरांना खटकायचं. "विनाकारण कोण हसतं, मॅडम?" असं मला दहादा विचारलंय त्यांनी. खरं तर दोघं जुने दोस्त. तरुणपणी एका ट्रेनिंगला एकाच तंबूत राहिलेले, एकाच ताटात जेवलेले. मग जिल्ह्याचं राजकारण मधे आलं आणि बोलणं कामापुरतं उरलं.

एकदा मीटिंगला सेलूची सगळी मंडळी एकदम दारात हजर झाली. भालेराव सरांनी लगेच मला कोपऱ्यात घेतलं. "बघितलं? सगळे एकाच डब्यात बसून आलेत. म्हणजे आधीच काहीतरी ठरवून आलेत!"

हे काळे सरांच्या कानावर गेलं. ते हसले. "सर, सकाळच्याला सेलूहून सोयीची एकच गाडी हाय. वेगवेगळं यायचं तर निम्म्यांनी आदल्या दिवशी निघायचं का?"

पुढच्या मीटिंगला काळे सरांनी मुद्दाम गंमत केली. एक जण रेल्वेनं, एक जण एसटीनं, एक जण मोटारसायकलवर, असे सगळे सुटे सुटे आले.

भालेराव सरांचा चेहरा एकदम उतरला. "मॅडम, प्रकरण वाढलं. आता तर लपवायलेत!"

*

आमचे जुने जिल्हा आयुक्त म्हणजे आबासाहेब. कलेक्टर ऑफिसातले नव्हेत, आमच्या स्काउटचे आयुक्त. वयस्कर, शांत माणूस. एका मीटिंगच्या शेवटी सगळे उठायला लागले, तेव्हा आबासाहेब खुर्चीतूनच म्हणाले, "तुमी निघा. मी आता थांबतो."

झालं! जिन्यावरच चर्चा सुरू. अर्धे म्हणाले, थांबतो म्हणजे काम सोडतो. अर्धे म्हणाले, थांबतो म्हणजे आहे तिथंच राहतो, कुणी खुर्चीकडे बघू नका. भालेराव सर तर खाली जाऊन पुन्हा वर आले आणि दारातून डोकावून बघून आले. "खुर्ची घट्ट धरून बसलेत," असा रिपोर्ट दिला.

पंधरवडाभर जिल्ह्यात दोन पक्ष. एका पक्षानं निरोपाची शाल बघून ठेवली, दुसऱ्यानं वाढदिवसाच्या नावाखाली समर्थनाचं बॅनर लावलं. सरळ आबासाहेबांना विचारावं, तर 'तुम्हाला का फिकीर?' असं ते म्हणतील, म्हणून कुणी विचारेना.

शेवटी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांच्या मिसेस भेटल्या तेव्हा मी विचारून घेतलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो बाई, मुलगा गाडी घेऊन न्यायला यायचा होता. त्याच्यासाठी थांबले होते ते!"

हे सगळं आबासाहेबांच्याही कानावर गेलं. पुढच्या मीटिंगला येऊन ते म्हणाले, "आता खरंच थांबतो. म्हणजे सोडतो. कळलं ना सगळ्यांना?"

एका क्रियापदानं आमचे आयुक्त गेले!

*

खुर्ची रिकामी झाली आणि दोन नावं पुढं आली. अर्थातच भालेराव आणि काळे.

त्यातच एका सकाळी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काळे सरांचा मेसेज आला आणि कुणी वाचायच्या आत डिलीट झाला. दिवसभर शाळाशाळांत एकच विषय. काय लिहिलं होतं? माघार घेतली? कुणाची तक्रार केली? चुकून कट इकडेच पाठवला?

दुपारी काळे सरांनी स्वतःच खुलासा केला. "अहो, सुप्रभात दोनदा गेलं होतं. एक काढून टाकलं."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दोन मिनिटांनी भालेराव सरांचा मेसेज पडला. "दोन्ही सुप्रभात सारखीच होती, याला पुरावा काय?"

*

ही ओढाताण वर विभागाच्या ऑफिसपर्यंत गेली. तिथून नवे निरीक्षक जिल्ह्यात येणार असं कळलं. कधी येणार ते कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यामुळे बसस्टँडवर पांढरा शर्ट दिसला की आमची माणसं सावधान होऊन उभी राहायची!

साहेब सगळ्यात आधी आले ते माझ्याच शाळेत. साध्या कपड्यांत, एसटीनं. गेटवर माझ्या गाइड मुली उभ्या होत्या. अनोळखी माणसाला आत सोडायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलेलं.

"मी स्काउटच्या विभागाचा निरीक्षक आहे," साहेब म्हणाले.

"सॅल्यूट करून दाखवा," मुलींनी सांगितलं.

साहेबांनी तीन बोटांचा सॅल्यूट केला. मुलींचं समाधान होईना. त्यातली पुढची धिटुकली म्हणाली, "हे तर मोबाइलवर बघून कुणालाबी येतं. गाठ मारून दाखवा!"

साहेबांनी तिच्या हातातली दोरी घेतली आणि स्काउटमध्ये सगळ्यात आधी शिकवतात ती रीफ गाठ मारली. तिनं दोन्ही टोकं ओढली. गाठ फस्स करून सुटली! मुलींनी साहेबांना शिपायाजवळच्या बाकावर बसवलं आणि एक जण मला बोलवायला धावत आली. "मॅडम, एक खोटा साहेब पकडलाय!"

मी धावतच गेटवर जाऊन माफी मागितली. पण साहेब मोठ्या मनाचे. हसत हसत सगळ्या मुलींची पाठ थोपटली आणि त्या धिटुकलीकडून गाठ पुन्हा शिकून घेतली.

संध्याकाळी भालेराव सरांचा फोन. मी सगळं सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "गाठ मुद्दाम चुकवली त्यांनी. तुमची परीक्षा घ्यायलेत, मॅडम. जपून राहा!"

*

आता मतं मोजायची तर सगळ्यांचा डोळा पेडगावच्या गव्हाणे सरांवर. शेती करून शाळा करणारा माणूस. बोलणं कमी, पण त्यांच्या मागं बरेच जण. भालेराव सर मला म्हणाले, "चला, मेळाव्याची जागा बघून येऊ." जागा म्हणजे पेडगाव, हे मी समजले.

गव्हाणे सरांच्या शेतात पोचलो तर बांधावर काळे सर आधीच बसलेले! आगटी पेटलेली, गव्हाणे सर कणसं भाजत होते.

"इकडं कुणीकडं?" भालेराव सरांनी विचारलं.

"हुरडा खायला," काळे सर म्हणाले. "आन् तू?"

"मीबी हुरडाच खायला!"

म्हणजे आता दोघांनाही मुद्द्याचं बोलता येईना. आणि आधी उठायला कुणी तयार नाही. जो उठेल त्याच्या पाठीमागं दुसरा गव्हाणे सरांशी बोलणार! मग काय, दोघं हुरडा खात बसले. गव्हाणे सर भाजायलेत, हातावर चोळायलेत, पुढं सरकवायलेत. संग शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. मी तीन मुठींत तृप्त झाले. हे दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत खातायत. ऊन कलायला लागलं तेव्हा गव्हाणे सर दिवसभरात एकदाच बोलले. "पुढच्या वाफ्यातला कोवळा हाय. आणू का?"

तेव्हा कुठं दोघं एकदम उठले.

दुसऱ्या दिवशी पोट बिघडून दोघांनी शाळेला सुट्टी टाकली. आणि दुपारपर्यंत सगळ्या जिल्ह्यात बातमी. "काळे आणि भालेराव एकाच दिवशी रजेवर! दोघं मिळून विभागाच्या ऑफिसला गेले. काहीतरी शिजायलंय!"

*

त्यानंतर पेडगावच्या शाळेच्या मैदानावर जिल्ह्याचा मेळावा भरला. मेळाव्यातच दुपारी मीटिंग होती आणि नवा आयुक्त तिथंच ठरणार होता. निरीक्षक साहेब दोन दिवस आधीपासून मुक्कामाला.

सकाळी साहेबांनी मुलांना एक खेळ दिला. एकानं डोळे मिटून ताठ उभं राहायचं आणि तसंच मागं पडायचं. पाठीमागच्या जोडीदारानं झेलायचं. मुलं पटापट पडत होती, खिदळत होती. मग साहेबांनी शिट्टी वाजवली.

"आता मोठ्यांनी करून दाखवा. भालेराव सर, काळे सर, या पुढं!"

दोघं आले. मुलांसमोर नाही कसं म्हणणार?

पहिली पाळी भालेराव सरांची. त्यांनी डोळे मिटले.

"काळे, हात पुढं हायत का?"

"हायत."

"दोन्ही?"

"दोन्ही हायत रे, पड आता!"

"पडा सर, पडा!" मुलांनी ओरडून मैदान डोक्यावर घेतलं. भालेराव सरांनी एक डोळा उघडून मागं बघितलं. मिटला. पुन्हा उघडला. शेवटी गुडघे वाकवून, खाटेवर बसावं तसे मागं टेकले. काळे सरांनी अलगद झेललं. टाळ्या झाल्या.

मग काळे सरांची पाळी. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं, पाठीला धक्का लागू द्यायचा नाही अशी डॉक्टरांची ताकीद. मी साहेबांना ते सांगायला पुढं होत होते. भालेराव सर अजून आपली टोपी झटकत उभे. आणि काळे सरांनी पाठ वळवली, डोळे मिटले आणि काहीएक न विचारता सरळ मागं पडले!

माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. भालेराव सरांनी टोपी फेकली आणि अंग झोकून दिलं. दोघं धाडकन मातीत. खाली भालेराव, वर काळे. काळे सरांना खरचटलंसुद्धा नाही. भालेराव सरांचं कोपर मात्र चांगलंच सोललं होतं. त्यांनी काळे सरांना दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलेलं, सोडेनात. तसंच पडल्या पडल्या ते काळे सरांच्या कानात काहीतरी बोलले.

काळे सरांचं हसू गेलं. इतक्या वर्षांत त्यांचा बिनहसण्याचा चेहरा मी पहिल्यांदा बघितला. उठल्यावर दोघांनी एकमेकांचे कपडे झटकले. माझ्या मुलींनी भालेराव सरांच्या कोपराला पट्टी बांधली.

दुपारी कडुलिंबाच्या झाडाखाली मीटिंग बसली. साहेब म्हणाले, "नावं सुचवा." भालेराव सरांचा गट तयारीत होता. तेवढ्यात भालेराव सर स्वतःच उभे राहिले.

"जिल्हा आयुक्त म्हणून मी काळे सरांचं नाव सुचवतो."

कुणी हलेना. सगळे एकमेकांकडे बघायलेत. माझ्या मागून कुणीतरी पुटपुटलं, "यात डाव हाय. कुणी हात वर करू नका!" भालेरावांच्या गटाला वाटलं, सरांची काहीतरी चाल आहे, गप्प बसावं. काळ्यांच्या गटाला वाटलं, हा सापळा आहे, अडकू नये.

"अनुमोदन?" साहेबांनी विचारलं.

"अनुमोदन कुणाचं?" पुन्हा विचारलं. भालेराव सर उभेच. पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरून. त्यांच्या तोंडाकडे बघून मला राहवलं नाही. मी हात वर केला.

"माझं अनुमोदन."

पाठोपाठ गव्हाणे सरांचा हात वर गेला आणि मग सगळ्यांचे गेले. काळे सर आयुक्त झाले. पण अभिनंदनाला कुणी लगेच उठेना. यातून अजून काही निघतंय का, याची वाट बघत बसले होते!

संध्याकाळी तंबू उतरवताना मी काळे सरांना गाठलं. "सर, सकाळी भालेराव सर तुमच्या कानात काय बोलले?"

काळे सरांनी दोरीचं वेटोळं हातात घेतलं. "मॅडम, मी कसं सांगू? त्याचं बोलणं हाय. त्यालाच विचारा."

पलीकडे भालेराव सर एका हातानं खुंट्या उपटत होते. मी त्यांच्याकडे गेले. "सर, सकाळी तुम्ही काळे सरांच्या कानात काय बोललात?"

त्यांनी हातातली खुंटी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग लांबवर काळे सरांकडे बघितलं.

"का? काळ्या काय बोलला तुमाला?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"खरंच काही नाही सांगितलं त्यांनी."

भालेराव सरांनी मान हलवली, पुन्हा खुंटीला हात घातला आणि पहिल्यांदाच विनाकारण हसले.

"मग मीबी नाही सांगत!"