घोटकाकांनी गिळलेला चहा

घोटकाकांचं आयुष्यभर पोट भरलं ते चहावर, आणि त्यांना शिसारी होती तीही चहाचीच. मोठ्या चहा कंपनीत ते चव घेण्याच्या कामावर होते. लांबलचक टेबलावर बिनकानाच्या पांढऱ्या कपांची रांग, हातात चमचा. सुर्रकन घोट ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि पचकन पिकदाणीत टाकायचा. सगळेच कप गिळले असते तर माणूस चार दिवस टिकला नसता. यावरूनच आळीतल्या पोरांनी त्यांचं नाव पाडलं होतं. घरी ते नुसतं गरम पाणी पीत. बायको आपला चहा स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची.

ही शिसारी जुनी होती. गोऱ्यांचं राज्य गेलं तरी त्यांचे साहेब कंपनीत पाय रोवून बसले होते, तेव्हाची. नुकतं मिसरूड फुटलेले घोटकाका पिकदाणी ढकलायला लागले होते. कमरेएवढी पितळी पिकदाणी, खाली चाकं. साहेब एकेक कप पुढे सरके आणि हे मागोमाग पिकदाणी सरकवत. साहेबाचा नेम चुकला की हातावर. तो कधी खजील झाला नाही की रागावलाही नाही. त्याच्या लेखी तिथे फक्त पिकदाणी होती. दिवस संपला की ती मोरीवर पालथी घालून घासायची. लाळेचा आणि गार चहाचा आंबूस वास नखांत बसायचा, जेवताना घास नाकापाशी आला की घशाशी येई. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आलं की पोराची जीभ तयार आहे, आणि ते टेबलाच्या या बाजूला आले.

हे सगळं त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते मुलीच्या मैत्रिणीला. ती चित्रकार होती. चहा, गोऱ्यांचं राज्य आणि आपण कोण, असं काहीसं प्रदर्शन मांडत होती. रेकॉर्डर समोर ठेवून तिने सगळं ऐकून घेतलं, मध्येच डोळे पुसले. जाताना म्हणाली, "काका, पहिल्या दिवशी येऊन थोडी चव घेऊन दाखवाल? लोकांना कळू दे, या कपामागे कोण होतं."

काकांना बरं वाटलं. कडक इस्त्रीचा सदरा घालून ते मुलीबरोबर गेले.

दारातच ओल्या पत्तीचा कुबट वास आला. भिंतींना चोथा थापला होता, कोपऱ्यात त्याला बुरशी धरली होती. वरून एक आवाज येत होता. आवाज त्यांचाच होता. "नेम चुकला की हातावर... नेम चुकला की हातावर..." त्याच्याखाली माणसं हातात कप घेऊन उभी होती. एक बाई फुंकर मारत म्हणाली, "किती हळुवार बोलतात ना."

मधोमध कपांची रांग होती आणि पिकदाणी होती, पितळ लखलखीत घासलेली. तिच्या बुडाला भोक पाडलं होतं. खाली जमिनीवर लांब पांढरं कापड, त्यावर देशाचा नकाशा.

"हे काय गं, बाई?"

"तुम्ही टाकाल तो चहा नकाशावर ठिबकेल, काका. प्रदर्शन संपेपर्यंत सगळा देश डागाळेल."

"माझ्या थुंकीने?"

"तुमच्या आठवणींनी," चित्रकार मनापासून म्हणाली.

पिकदाणी सरकवायला तिथल्याच सफाईवाल्याला उभं केलं होतं. पन्नाशीचा माणूस, अंगावर प्रदर्शनवाल्यांनीच दिलेले काळे कपडे. त्याने पिकदाणीचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि काकांकडे न बघता वाट पाहू लागला.

काकांनी पहिला घोट ओढला. सवयीने मान वळली. समोर तो काठ होता, काठावर त्या माणसाची बोटं. घोट तोंडातच राहिला. लोकांनी फोन वर केले होते, मुलीनेही. काकांनी घोट गिळला.

दुसरा कपही रिकामा केला. मग तिसरा.

"टाका ना, काका," चित्रकार पुटपुटली. "कापड कोरडंच आहे."

"राहू दे कोरडं."

त्यांनी अख्खी रांग पिऊन संपवली. कडू, कोमट, जिभेला कोरड आणणारा चहा. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यांना हाच कार्यक्रम वाटला असावा. काका भिंतीच्या आधाराने बाहेर पडले आणि गटारापाशी बसून सगळं ओकले. मुलगी पाठीवरून हात फिरवत होती.

"बाबा, तिचा हेतू वाईट नव्हता हो."

"नसेल. साहेबाचाही नव्हता."

तोंड पुसत काका म्हणाले, "तिला सांग, माझा आवाज काढून टाक. आणि त्या माणसाला तिथून सोड."

पुढच्या आठवड्यात पेपरात प्रदर्शनाचं कौतुक छापून आलं. काकांच्या जागी एक नट उभा राहत होता, फार झोकात थुंकत होता म्हणे. शेजाऱ्यांनी पेपर आणून दाखवला आणि त्यात काकांची गोष्ट आली म्हणून त्यांचं अभिनंदन केलं. काकांनी तो हातातही घेतला नाही.

दुपारी मुलगी आली. "आवाज काढला तिने, बाबा. लगेच काढला."

"आणि तो सफाईवाला?"

"तो आहे अजून. त्याला हातमोजे दिलेत."