प्रीतिभोजनाचा पास

फिलूमावशीनं फोनवर दमच दिला, "सनाला आली नाहीस तर पुन्हा माझ्या हातचं मागू नको." फिलूमावशी म्हणजे माझ्या जावेची आई, वसईच्या पाचूबंदरची कॅथलिक कोळीण. चर्चच्या सणाचं जेवण वर्षानुवर्षं तिच्याच देखरेखीखाली शिजतं. मी आणि नवरा नाशिकहून पहाटेच निघालो.

जाणार असाल तर ऐका: भिवंडीहून चिंचोटीला निघणारा रस्ता जवळचा वाटतो, पण खड्ड्यांनी कंबर खिळखिळी होते. वसई गावात गाडी एका बाजूला लावा आणि रिक्षाने फिरा. बाजारात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी मिळते, महाग वाटली तरी घ्या.

चर्चमधली मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, छान झाली. फादर परक्याला जवळ करण्यावर बोलले, सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेर मंडपावर फलक होता, 'प्रीतिभोजन. सर्वांचे प्रेमपूर्वक स्वागत.' त्याखाली स्वागत समितीचे अध्यक्ष, छातीवर बिल्ला लावून पास तपासत उभे. प्रेमाला पास लागतो हे मला नवीनच. आम्हाला मात्र कुणी विचारलं नाही. भर उकाड्यात नवऱ्याच्या अंगात ब्लेझर होता ना!

आमच्या मागे मार्कुस होता. झारखंडचा, जूचंद्रला इमारतींच्या कामावर. सोबत बायको, कडेवर मुलगी. मिस्सेत आमच्याच बाकावर बसले होते, तेव्हा तेवढीच ओळख; नाव-गाव नंतर कळलं.

"पास?"

"पास तो नहीं है, साहब. हम भी कैथलिक हैं. हर संडे यहीं आते हैं."

"असं कुणीही म्हणेल," अध्यक्ष आमच्याकडे बघून हसले, जणू आम्ही त्यांच्यातले. मग मार्कुसला म्हणाले, "बाद में आना. बचा तो देंगे."

वा! काय ते स्वागत! मार्कुसची बायको मान खाली घालून मागे वळली.

"ते आमच्याबरोबर आहेत," नवरा म्हणाला.

"तुम्ही या हो. पण सगळ्यांनाच घेतलं तर आपल्या माणसांना पुरणार कसं?"

आत पातेली काठोकाठ भरलेली दिसत होती. तेवढ्यात मावशी झारा घेऊनच बाहेर आली.

"कोनाला परत पाठवतोस?"

"मावशी, नियम आहे."

"मग नियमच वाढ लोकांना." तिनं अॅप्रन सोडून अध्यक्षांच्या हातात दिला, मुलीला कडेवर घेतलं आणि मार्कुसला म्हणाली, "चला घरी."

आम्हीही निघालो. घरात काहीच शिजलेलं नव्हतं. मावशीनं बोंबील तळले, भाकऱ्या थापल्या. मार्कुसची बायको उंबऱ्याशीच बसली होती, मावशीनं तिला हात धरून आत आणलं. मग तीही कांदा चिरत हसायला लागली. गावाहून आल्यापासून कुणाच्या घरी जेवायला बसलो नव्हतो, असं मार्कुस म्हणाला.

दुपारी अध्यक्ष आले. संध्याकाळच्या जेवणाचं अडलं होतं.

"मावशी, लोकांसमोर तमाशा कशाला? चला."

"येते. ही तिघं माझ्या शेजारी जेवायला बसतील."

अध्यक्षांनी मार्कुसकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि निघून गेले. मावशी गेली नाही. खरकटी ताटं उचलताना तिचे डोळे भरले होते. चर्चचं ते स्वयंपाकघर तिचं होतं.

नाशिकला परतून महिना झाला. जावेकडून बातम्या येतात. स्वयंपाक आता केटररकडे गेलाय. समितीनं बंधुभावाबद्दल सर्वांचे आभार मानणारा फलक लावलाय आणि पुढच्या वर्षी पासासोबत ओळखपत्रही मागणार आहेत. चर्चची उंच कमान, रोषणाई, बँड, सगळं माझ्या डोक्यातून पुसट झालं. मार्कुसच्या मुलीला काटे काढून मासा भरवणारी मावशी मात्र दिसत राहते. ती तिघं दर रविवारी तिच्याकडेच जेवतात.

परवा तिचाच फोन आला. पुढच्या सणाला तिच्या अंगणात पंगत आहे.

"येशील ना?" म्हणाली. "कोनालापन घेऊन ये."